गुळवेलीचा काढा आणि माझा डावा पाय

पायातून चप्पल निसटायची आणि मला पत्ताच नसायचा. डाव्याच पायातली. पुंडलिकनगरच्या गल्लीत मागून कोणीतरी हाक मारायचं, मग मी परत जाऊन घालायचो. पुढं डावा हातही बधिर झाला, शर्टाची बटणं लागेनात. माय म्हणाली, विकनेस आहे, प्रतिकारशक्ती कमी पडतीय.

यावर मायचा एकच इलाज. कोरोनापासून आमच्या घरात चहाच्या आधी गुळवेलीचा काढा प्यावा लागायचा. तोही कुठल्याही गुळवेलीचा नाही. कडुलिंबावर चढलेलीच पाहिजे, म्हणून करमाडहून मामा पिशवी भरून पाठवायचा. लई कडू. माझ्या एका पेल्याचे दोन झाले. पेला रिकामा होईस्तोवर ती समोरून हलायची नाही, म्हणून मी चिडत चिडत प्यायचो.

एमआरआय झाला. डॉक्टरांनी मेंदूतले पांढरे ठिपके दाखवले आणि मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणाले. शेजारी बसलेल्या मायनं विचारलं, याची ताकद वाढवायला काय देऊ? डॉक्टर म्हणाले, वाढवू नका. याची प्रतिकारशक्ती चांगली दणकट आहे, पण ती जंतू सोडून याच्याच मज्जातंतूंवरचं आवरण खातीय, तिथं सूज येतीय. आता तिला औषधानं दाबायचं. घरी काही देता का?

मायनं काढ्याचं सांगितलं. कडुलिंबावरची, हेसुद्धा सांगितलं. ते म्हणाले, आजपासून बंद. आजार काढ्यानं झाला असं काही नाही, पण नेमका कशानं होतो ते आम्हालाही पक्कं ठाऊक नाही. हे शेवटचं ते बोलले नसते तर बरं झालं असतं.

घरी येऊन मायनं उरलेली गुळवेल कचऱ्यात टाकली, काढ्याचं पातेलं घासलं, मग पुन्हा घासलं. पाय परत नीट होईल का, या भीतीत मी, आणि ही पातेलं घासतीय. मला रागच आला. काय चाललंय म्हणून विचारलं.

"मीच वाढवलं का रे हे?"

मी नाही म्हणालो.

"माझ्या डोक्यावर हात ठेवून सांग."

आमच्याकडं शपथ खोटी निघाली तर ज्याच्या डोक्यावर हात, तो मरतो. मी बीएस्सी झालेला माणूस, असलं काही मानत नाही. आणि जे डॉक्टरांना पक्कं माहीत नाही, ते मला कुठून असणार. तरी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. डाव्या हाताला काही कळत नव्हतं, म्हणून उजवा ठेवला आणि म्हणालो, तुझ्यामुळं नाही.