एफची रांग

प्यो मीजंगला जेवायला सोबत कुणी नव्हतं आणि टेकडीखालच्या रस्स्याच्या हॉटेलात एकट्याला वाढतच नसत. कमीत कमी दोघांचं पातेलं. म्हणून ती रोज दोघांचं मागवायची, अर्धं खायची, अर्धं डब्यात भरून घरी न्यायची. हॉटेलची मालकीण सुरुवातीला विचारायची, "दुसरं माणूस यायचंय का?" मग तिने विचारणं सोडून दिलं, आणि मीजंगला ते न विचारणंच जास्त लागलं.

ती कोरियातल्या मिर्यांग शहराबाहेर, टेकडीवरच्या अस्थिघरात कामाला होती. तिथे भिंतभर काचेचे खण होते, खणात कलश, शेजारी फोटो, कुणाचा चष्मा, कुणाची सोजू दारूची छोटी बाटली. मीजंगकडे वेबसाइट होती. लांब राहणाऱ्यांनी नाव टाकायचं, शोधायचं, की आपल्या माणसाचा खण समोर येतो, खाली दोन ओळी लिहायला जागा, आणि कोपऱ्यात किती जण भेटून गेले त्याचा आकडा.

त्याआधी ती देगू शहरात कपडे विकणाऱ्या एका वेबसाइटचं काम बघायची. आई गेली, आईला इथे ठेवलं, आणि सही करताना काउंटरवर चिठ्ठी दिसली, वेबसाइट सांभाळायला माणूस पाहिजे. तिने उभ्या उभ्या विचारून टाकलं. देगूत परत जाऊन ती करणार तरी काय होती? रोज सकाळी आधी आईच्या खणापाशी जायचं, काचेवर बोट टेकवायचं, मग संगणक चालू करायचा. बस, एवढाच दिवस.

चुसोकचा, पितरांना भेटायचा सण तोंडावर आला होता तेव्हा एक फोन आला.

"तिला कुठे टाकलंत ते सांगा," पलीकडून आवाज. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"कोणाला, आजोबा?"

"माझ्या बायकोला. ऱ्यू गमरे. तुमची वेबसाइट म्हणते अशी व्यक्तीच नाही."

हे बोंग देशिक. वय ऐंशीच्या पुढे, खुबा गेलेला, पार वर सोकचोच्या एका वृद्धाश्रमात. इतक्या लांब येणं आता त्यांच्याच्याने होणार नव्हतं. आश्रमात जेवणानंतर सगळ्यांमध्ये मिळून एक टॅब्लेट मिळायचा. बाकीची म्हातारी आपापली माणसं बघायची, आणि यांची काही यायचीच नाही. त्यांच्या मनात काय बसलं होतं ते त्यांनी लगेच बोलून टाकलं. ज्यांना विचारणारं कुणी उरत नाही त्यांच्या अस्थी मागच्या टेकडीवर एकाच खड्ड्यात एकत्र घालतात, हे सगळ्यांना माहीत असतं.

"मी येत नाही म्हणून तुम्ही तिला खड्ड्यात घातलीत. खरं सांग पोरी, मी रडणार नाही."

मीजंगने संगणक पुढे ओढला. तिने नाव टाकलं. अशी व्यक्ती आढळली नाही.

पण तिला वाटलं, ही नेहमीचीच भानगड. आडनाव एकच, काही जण ऱ्यू लिहितात, सरकारी कागदावर यू होतं. निम्म्या तक्रारी त्याच्याच असायच्या.

"आजोबा, यू टाकून बघता का?"



"पोस्टमनने यूबाई म्हणून हाक मारली की ती दार उघडायची नाही," बोंग आजोबा म्हणाले. "आतूनच सांगायची, यूबाई इथे राहत नाहीत. एक मनीऑर्डर परत गेली त्यापायी. आणि आता ती काही बोलू शकत नाही म्हणून मी तिला यू म्हणू?"

"तुम्ही नका म्हणू. मीच टाकते."

तिने यू टाकलं. नाही. नुसतं गमरे टाकलं तर दोन वेगळ्याच गमरे आल्या, एक चोई आणि एक पाक. ऱ्यू नाहीच.

"मी बघून फोन करते," म्हणाली आणि ठेवला.

अस्थिघराचे मुख्य, मा साहेब, सणासाठी सोललेली नासपती खात होते. "म्हाताऱ्याची काहीतरी गल्लत होतेय," ते म्हणाले. "दुसऱ्या कुठल्या अस्थिघरात ठेवली असेल."

"पण त्यांना सगळं आठवतंय, साहेब. दुसरं दालन, खिडकीकडून तिसरा खण, छातीच्या उंचीवर."

"मग जाऊन बघ ना, प्योबाई. पायाने दोन मिनिटांचं काम, संगणकाला काय विचारत बसलीयस?"

आणि हे तिला सुचलंच नव्हतं. ती जवळजवळ पळत गेली.

ऱ्यू गमरे तिथेच होत्या. दाट कुरळे केस, कॅमेऱ्याकडे जरा रागाने बघतायत, पुढे विणकामाच्या दोन सुया. मीजंग काचेसमोर उभ्या उभ्या हसली, म्हणजे बाई खरंच दार न उघडणाऱ्यांतली दिसत होती. मग तिची नजर खालच्या पाटीवर गेली. दालन दोन, रांग एफ, खण तीन.

रांग एफ.

कोरियनमध्ये चारला सा म्हणतात आणि मरणालाही साच म्हणतात, म्हणून चार कुणाला नको असतो. लिफ्टमध्ये तीननंतर इंग्रजी फोरचा एफ असतो आणि मग पाच. अस्थिघरातसुद्धा तसंच. कामाला लागली तेव्हा मीजंगने विचारलं होतं, "मेलेल्यांना मरणाची कसली भीती, साहेब?" आणि मा साहेब म्हणाले होते, "मेलेल्यांना नाही गं, भेटायला येणाऱ्यांना."

तिने हळूच मान वळवली. त्याच रांगेत, चार खण पलीकडे, तिची आई.

टेबलापर्यंत ती कशी आली तिलाच कळलं नाही. तिने आईचं नाव टाकलं. मेंग ओकसुन. आजवर कधी टाकलंच नव्हतं, कशाला टाकेल, आई रोज सकाळी समोर असायची.

अशी व्यक्ती आढळली नाही.

ती ते वाक्य बघत बसली. ते वाक्य तिनेच लिहिलं होतं, आधीचं 'चूक' असं काहीतरी होतं ते रुक्ष वाटायचं म्हणून. आता वाटलं यापेक्षा चूकच बरं होतं. आणि मग एक एक कळत गेलं. एफची अख्खी रांग, तिन्ही दालनांतली, कुणालाच सापडत नसणार. नवी वेबसाइट बाहेरच्या एका माणसाकडून करून घेतल्यापासून, म्हणजे गेल्या सणाच्याही आधीपासून. आणि तक्रार आली ती एकाच म्हाताऱ्याची. म्हणजे बाकीच्यांना एक तर कुणी शोधलंच नव्हतं, नाहीतर शोधलं, नाही म्हटल्यावर मुकाट बंद करून टाकलं. यातलं जास्त वाईट कुठलं ते तिला ठरवता येईना.

तिने आधी आजोबांना फोन केला. "आहेत. मी आत्ता बघून आले. विणायच्या सुया पण आहेत."

 मग ते म्हणाले, "सुया मीच ठेवल्या होत्या."

"फोटो पाठवू का लगेच?"

"फोटो जुना असू शकतो."

"आजोबा, मी कशाला खोटं बोलू?"

"तू नसशील बोलत. पण इथे सगळ्यांची माणसं नाव टाकलं की येतात. शेजारचा नाम तर मला रोज दाखवतो, हे बघ माझी आली, तुझीला बोलव की. मला पण ती नाव टाकून यायला हवीय."

मीजंगला हे इतकं पटलं की ती फोनवरच मान हलवत राहिली.

मग तिने वेबसाइटच्या आत डोकं घातलं. भानगड सापडली तेव्हा इतकी साधी निघाली की तिला स्वतःचाच राग आला. नव्या माणसाने रांगेचा रकाना फक्त आकड्यांचा ठेवला होता. रांग म्हणजे आकडाच ना, त्याला वाटलं असेल. जुन्या वेबसाइटवरून माहिती ओतली तेव्हा एक, दोन, तीन आत गेले, पाच-सहा गेले, आणि एफ काही आकडा नाही म्हणून त्याच्या जागी काहीच नाही. रिकामं. तेवढ्यानेही बिघडलं नसतं, पण शोध घेताना संगणक नाव, दालन, रांग, खण सगळं एकाला एक चिकटवून त्यात शब्द शोधायचा, आणि चिकटवताना एक जरी रिकामं निघालं की सगळंच रिकामं धरायचा. नाव होतं, आडनाव होतं, फोटो होता. एक घर रिकामं म्हणून अख्खा माणूस रिकामा.

 डब्यातला अर्धा रस्सा बाजूला होता, तो तसाच गार झाला.

"चार करून टाक ना एफचा," मा साहेब मागून म्हणाले.

"वेबसाइटवर चार आणि पाटीवर एफ? सणाला येणारे तुम्हालाच धरतील, साहेब."

"मग नको," ते पटकन म्हणाले.

तिने रकाना अक्षरांचा केला, जुन्या प्रतीतून एफ परत आणले, आणि रिकामं सापडलं तर बाकीचं टाकून द्यायचं नाही, हे संगणकाला शिकवलं. मा साहेबांनी वाकून बघितलं.

"आता रांगा एक, दहा, अकरा आणि मग दोन अशा दिसतायत, प्योबाई. हे काय?"

"अक्षरं झाली ना, म्हणून. ते नंतर लावते. आधी माणसं येऊ देत."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने सोकचोला फोन लावला. बोंग आजोबांनी टॅब्लेट मांडीवर घेतला, फोन त्यांच्या कानाशी धरून आश्रमातली मुलगी शेजारी बसली. ते एकेक अक्षर मोठ्याने म्हणत दाबत होते. ऱ्यू. मीजंगने श्वास धरला. गम. रे.

 मग मागून कुणीतरी म्हातारा म्हणाला, "अरे, हिची नजर बघ, तुला आत्ता ओरडेल." आणि आजोबा त्याला म्हणाले, "गप रे नाम, बघू दे मला."

मीजंग थांबली. तिला घाई नव्हती, तिला कधीच कसली घाई नसायची.

"काच पुसलीस तू?" आजोबांनी विचारलं.

"काल पुसली. नवा फोटो काढला."

"शेजारी कोण आहेत तिच्या? एकटी नाही ना?"

"नाही, रांग भरलेली आहे." आणि मग तिच्या तोंडून निघूनच गेलं, "चार खण पलीकडे माझी आई आहे."

"नाव?"

"असू दे आजोबा."

"नाव सांग. माझी सापडली, तुझी पण बघतो."

"मेंग ओकसुन."

"मेंग. हे बरंय, एकाच तऱ्हेने लिहितात," ते म्हणाले आणि परत एकेक अक्षर दाबायला लागले.

मीजंगने आपल्या संगणकावर आईचं पान उघडलं. कोपऱ्यात भेटींचा आकडा एक होता, तो तिचाच. पलीकडून ते म्हणाले, "आली," आणि तिने पान परत उघडून बघितलं तर दोन.

"फोटो जरा धूसर आहे, पोरी."

"तेवढा एकच आहे."

"चालेल. दिसतायत," बोंग आजोबा म्हणाले. "खाली लिहायची जागा आहे ती कशी वापरायची? अक्षर मोठं कर आधी, मला दिसत नाही."