कुंदाताईंनी ठेवलेल्या चार ओळी

"तू काय नाय पायलंस! कोन इचारलं तरी हेच सांगायचं, मी काय नाय पायलं."

बाबा चिंचणी नाक्यावर उभे राहून ओरडत होते आणि मी बोईसरच्या रिक्षात, मांडीवर बॅग घेऊन, रिक्षा भरायची वाट बघत बसलो होतो. आवाज असा की खाडीतल्या होड्यांनी तोंडं फिरवली, समुद्र दोन हात मागे सरकला आणि तारापूरच्या किल्ल्याचा एक दगड निखळला. बरं, दगड निखळला नाही. होड्यांचंही मी आत्ताच घातलं. पण ओरडले मात्र खरंच. माझे बाबा डायमेकर, म्हणजे सोनारांसाठी दागिन्यांचे साचे कोरणारे. जन्मभर भिंगाखाली मान घातलेला माणूस. "ठोका मोजून मारायचा, एक जास्ती पडला का साचा गेला," हे ते आम्हाला जेवताना, झोपताना आणि मी नापास झालो तेव्हाही सांगत. त्या दिवशी नाक्यावर त्यांचंच मोजणं सुटलं. आई मागे उभी होती. तिने फक्त डबा पुढे केला.

तर चिंचणीत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे बॅगा उचलून वापी, भरूच, मस्कतला पांगलेल्यांनो, तुम्ही ही गोष्ट माझ्या तोंडून बऱ्याच प्रकारे ऐकली असेल. आता नीट ऐका.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी ऑपरेटर होतो. शेवंती विक्रमगडकडच्या एका पाड्यावरची, आयटीआय झालेली, आमच्या प्लांटवरची एकुलती एक बाई. अंगावर ॲसिड उडालं तर धावत जाऊन ज्याखाली उभं राहायचं, त्या शॉवरला पाणी येत नव्हतं. हे आम्हा सगळ्या पुरुषांना ठाऊक होतं. आम्ही चहा पिताना शिव्या घालायचो आणि कप धुवायचो. तिने ते सेफ्टीच्या वहीत लिहिलं, खाली सही केली. सुपरवायझरने ते पान फाडलं. पंधरवड्यात तिला घरी बसवलं. कारण दिलं, प्लांटचं काम बाईमाणसाला झेपत नाही. तिच्याबरोबर लागलेले आणि व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवायचा हे तिलाच विचारणारे चारही जण मात्र राहिले.

पान फाडताना मी तिथे होतो. आता माझ्यासारख्या माणसाच्या हातात अशी गोष्ट सापडल्यावर काय होणार? सोमवारी कँटीनमध्ये मी सांगितलं की साहेबांनी ते पान चहात बुडवून खाल्लं. मंगळवारी ते पान वाऱ्याने उडून मालकाच्या गाडीच्या काचेला चिकटलं. एकदा तर ते पान परत वहीत जाऊन बसलं आणि साहेबांनी ते पुन्हा फाडलं. लोक हसायचे. मीही हसायचो. शेवंती तेव्हा घरी बसली होती, हे हसण्याच्या नादात कोणाच्या लक्षात राहत नव्हतं. माझ्याही नाही.

मग एके दुपारी शेवंतीची केस घेतलेल्या वकील, कुंदाताई, गेटबाहेर उभ्या राहिल्या.

कुंदाताई उमरोळीच्या. वकील व्हायच्या आधी त्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या, आणि लोकांना कामावरून काढल्याची पत्रं टाइप करायच्या. एकदा पोटुशी राहिलेल्या बाईला काढल्याचं पत्र त्यांच्यापुढे आलं. त्यांनी ते टाइप करायला नकार दिला. संध्याकाळपर्यंत शेजारच्या टेबलावरच्या मुलीने दोन पत्रं टाइप केली, एक त्या बाईचं आणि एक कुंदाताईंचं. तिथून त्या थेट वकिलीकडे वळल्या. आता पालघरला एका झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली आहे. खरं बोलून घरी बसलेला जिल्ह्यातला प्रत्येक माणूस त्या खोलीतल्या बाकावर बसून गेलाय, असं मी म्हणतो. त्या म्हणतील, सगळे नाही.

त्यांनी मला विचारलं, साक्ष द्याल का. मी हो म्हणालो. धाडस वगैरे काही नव्हतं. मला बोलायला मिळणार एवढंच डोक्यात. पुढच्या महिन्यात माझं कंत्राट संपलं ते संपलंच. त्यानंतर वसाहतीत मी ज्या ज्या गेटवर गेलो, तिथे माझ्याआधी फोन पोचलेला असायचा. शेवटी भरूचकडच्या एका कंपनीने घेतलं. म्हणून ती रिक्षा, ती बॅग आणि बाबांचं ते ओरडणं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: नोकरी गेली, गाव चाललं, आता साक्ष तरी देऊ नको, म्हणजे परत यायला वाट राहील.

भरूचहून सुट्टी काढून मी कुंदाताईंकडे गेलो तो अकरा पानं लिहूनच. गाडीत तीन वेळा वाचली, तिन्ही वेळा माझ्याच अंगावर काटा आला. त्यांनी लाल पेन्सिल घेतली. 'राक्षसासारखा' खोडलं. 'थरथर कापणारी' खोडलं. प्रत्येक वाक्यावर एकच प्रश्न, हे तुम्ही पाहिलं का? मी म्हणायचो, पाहिल्यासारखंच आहे. पेन्सिल फिरायची. चहा दोनदा आला, दोनदा निवला. अखेर उरल्या चार ओळी. शेवंतीने वहीत लिहिलं. मी ते वाचलं. साहेबांनी पान फाडून खिशात घातलं. मी तीन पावलांवर होतो.

त्या चार ओळींकडे बघून मला भडभडून आलं. एवढ्यासाठी मी गाव सोडलं?

आणि मग कँटीन आठवलं. सांगून टाकलं की ताई, ही गोष्ट मी सात प्रकारे सांगितली आहे. मला वाटलं, आता बाक रिकामा करायला सांगणार. त्यांनी नवा कागद घेतला. म्हणाल्या, सातही सांगा, जशा सांगितल्या तशा. तासभर मी सांगत होतो, त्या लिहीत होत्या. एकदाही हसल्या नाहीत. माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट श्रोता.

"कंपनीचे वकील हे विचारणारच," शेवटी म्हणाल्या. "विचारलं की थाप होती म्हणायचं. लाज वाटली तर वाटू द्या."

कोर्टात त्यांनी विचारलंच. कंपनीच्या वकिलांनी चहात बुडवलेल्या पानापासून सुरुवात केली. सात वेळा मी 'थाप होती' म्हणालो. कान इतके तापले की वर पापड भाजला गेला असता. मागच्या बाकावर बाबा बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. कोणी बोलावलं नव्हतं. शेवंती त्यांच्या शेजारी, मांडीवर हात ठेवून. माझ्या प्रत्येक 'थाप होती'बरोबर तिची नोकरी एकेक पाऊल लांब चालली आहे, हे मला दिसत होतं.

मग कंपनीने कँटीनमध्ये माझ्याच टेबलावर बसणारा रामसूरत साक्षीला आणला, मी किती खोटारडा आहे हे सांगायला. त्याने सगळं बरोबर सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं. कुंदाताई उठल्या. सातही गोष्टी त्यांनी एकामागून एक वाचल्या आणि प्रत्येकीपुढे त्याला विचारलं, यात पान कोणी फाडलं?

"साब ने."

सातव्या वेळी रामसूरत स्वतःच थांबला. डोकं खाजवलं. "मॅडम, बाकी सब बदलता था. फाडता तो हर बार साब ही था."

कुंदाताई खाली बसल्या. मी असतो तर तिथे पाऊण तास बोललो असतो.

बाहेर आल्यावर बाबांनी मला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, पी.

निकाल आला तेव्हा मी भरूचला होतो. शेवंतीला त्याच प्लांटवर, त्याच कामावर परत घ्या. मला परत घ्या असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि वसाहतीतल्या गेटांवर माझं नाव अजून काळ्या यादीत आहे. माझं काय, असं कुंदाताईंना विचारलं तेव्हा त्यांनी ते लपवलं नाही.

इथे आता बस्तान बसलंय. डाळीतला गूळ चालवून घेतो, 'चालेल'च्या जागी 'चालशे' तर चिंचणीला फोनवरही तोंडातून निघून जातं. इथली माणसं भली आहेत, पण माझं सगळं खरं मानतात. आमच्याकडचा बोंबील माणसाएवढा असतो म्हटलं तर एकाने विचारलं, मग तो वाळवायला दोरी केवढी लागते. काय करायचं अशा माणसांचं? घर म्हणजे काय, हे मला इथे येऊन समजलं. माझ्या बोलण्यातून किती वजा करायचं हे जिथे सगळ्यांना पाठ असतं, आणि वजा करून उरलेल्यावर जिथे एका बाईने पैज लावली, ते माझं घर. तिथे मी सणाला जातो.

शेवंती परत कामावर गेली त्या दिवशी दुपारच्या सुट्टीच्या वेळेला मी तिला फोन केला. मेसमध्ये जेवताना सांगायला मला काहीतरी हवं होतं. विचारलं, गेटवर काय झालं? सगळे उभे राहिले असतील ना? साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं असेल?

"नाय, दादा," ती म्हणाली. "कार्ड पंच केलं नि आत गेली."