बाइंडिंगवाल्या मावशी

उस्मानपुऱ्यात बाइंडिंग करणाऱ्या एक मावशी आहेत. नाव मी कधी विचारलं नाही. पानांचा क्रम तपासता तपासता त्या हाती आलेलं सगळं वाचून काढतात.

परवा मी त्यांच्याकडे माझी पहिली कादंबरी नेली. बोलणाऱ्या डोंगरात हरवलेल्या भावाला शोधायला निघालेल्या चौदा वर्षांच्या मुलीची. संध्याकाळी ती प्रकाशकाकडे द्यायची होती.

मावशी बोट ओलं करून पानं उलटत होत्या. डोंगर बोलू लागला, तिथं बोट वाटीतल्या पाण्यातच राहिलं.

"हे लई भारी लिवलंस, पोरी."

शेवटाकडे मात्र पानं भराभरा उलटू लागली.

"राक्षस म्होरं उभा, अन् ही भाषण देते व्हय? हिला भ्याव वाटत नाय?"

"ती अन्यायाविरुद्ध लढतेय, मावशी!" मी तडकले.

"लढू दे की. मी बी मोर्च्यात जायचे. पाय लटलट कापायचे. तरी जायचे."

मी वाकून ते भाषण पुन्हा वाचलं; लहानपणापासून वाचत आलेल्या मोर्च्यांच्या पत्रकांसारखंच होतं ते.

त्यांनी सुईत दोरा ओवला. "बांधू?"

"नको. प्रकाशक थांबतील. शेवटची वीस पानं परत द्या."

"घे. बाकीची इथंच राहू दे," सुई खोचून ठेवत त्या म्हणाल्या. "डोंगराचं मला अजून एकदा वाचायचंय."