टाकीतली लाल साय

माझे धाकटे दीर गेले, तेव्हा त्यांची समुद्री माशांची टाकी जेमतेम दीड महिन्याची होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण टाकी जुनी असती तर पुढचं कदाचित घडलंच नसतं.

आम्ही तेव्हा मद्रासला, पश्चिम माम्बळममध्ये भाड्याच्या घरात राहायचो. मी मिरजेकडची, सासर मात्र पिढ्यान्पिढ्यांचं तंजावरी मराठी. घरात माझे मिस्टर, मी, सासूबाई आणि हे भाऊजी. त्यांनी लग्न केलं नाही. गिंडीला एका लहानशा कारखान्यात नोकरी करायचे आणि उरलेला सगळा जीव त्या टाकीत. पहाटे बेझंटनगरच्या कोळ्यांकडून कॅन भरभरून समुद्राचं पाणी आणायचे. दोन इवलेसे निळे मासे आणि एक नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे असलेला. माशांना सुकटीची पूड लागायची, आणि आमच्या घरात तर कांदासुद्धा चातुर्मासात बंद!

सासूबाई कपाळाला हात लावायच्या. "बामणाच्या घरात सुकट आणतोस, लाज नाही वाटत?"

"अम्मा, मासे काय खायला आणलेत? बघायला आणलेत."

"बघता बघता एक दिवस खाशील. तुझा काय नेम?"

मला मात्र भाऊजी कौतुकाने सांगायचे, "वहिनी, हे पाणी लोणच्यासारखं मुरावं लागतं. नवीन टाकीला जपायचं असतं. खाणं अगदी चिमूटभर, दिवाही थोडाच वेळ." मी "हो हो" म्हणायची आणि आमटीला फोडणी द्यायला जायची.

मग एका संध्याकाळी ते स्कूटरवरून घरी यायला निघाले आणि आले नाहीत. याहून जास्त मला लिहवत नाही.

सकाळी जाताना त्यांनी टाकीवरची ट्यूबलाइट लावली होती. रात्री मिस्टरांचा हात बटणाकडे गेला, तशा सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. त्याने लावलाय." भाऊजींना आणून ठेवलं होतं त्या जागी पिठावरचा दिवा तेवत होता आणि पलीकडे ही ट्यूब. दोन्ही रात्रंदिवस. विझवायचं कोणी नावच काढलं नाही.

लोक भेटायला येऊ लागले. तिकडची एक रीत आहे, मला आल्या आल्या शिकवली होती. एरवी उठताना "जाऊन येते" म्हणायचंच, पण मयताच्या घरून निघताना तसं म्हणायचं नाही. गप्प उठायचं आणि निघायचं. आता तुम्हीच सांगा, आईसमोर बसलेल्या माणसाने गप्प उठायचं तरी कसं? लोक अवघडून जायचे. तेवढ्यात दारालगतची टाकी दिसायची आणि तिच्या काचेवर ठेवलेला खाण्याचा डबा. कोणीतरी पहिल्यांदा चिमूटभर पूड पाण्यात टाकली, क्षणभर उभं राहिलं आणि बाहेर पडलं. पुढच्यानेही तेच केलं. मग जणू तसंच करायचं असतं असं होऊन गेलं. कारखान्यातली माणसं, शेजारपाजार, पाहुणे, जाताना जो तो चिमूट टाकून जायचा. आमच्या घरी चूल बंद होती, जेवण शेजारून यायचं. घरात पोटभर खात होते ते फक्त मासे.

सासूबाईंनी अन्न टाकलं होतं. ताट घेऊन मागे लागलं की तोंड फिरवायच्या. एकदा टाकीपुढे बसल्या असताना तो नारिंगी मासा वर आला आणि त्याने त्यांच्या बोटांपाशी पूड टिपली. सुकटीचं नाव ऐकून नाक दाबणारी ही बाई, आपल्या हाताने भरवत होती! "पावम," त्या म्हणाल्या. बिचारं, अशा अर्थाचा तो तमिळ शब्द. "पावम, भुकेलंय गे." मग माझ्या हातून चार घास दहीभात खाल्ला. तेव्हापासून तसंच. मी ताट नेलं की विचारायच्या, "तो जेवला? मग आण."

दहावा होईस्तोवर टाकीच्या वाळूवर डाग दिसायला लागले. हळदीत चुना कालवला की होतो ना, तसा लाल. आमच्याकडे नव्या नवरीवरून ओवाळायच्या पाण्याचा असतो, अगदी तोच. आधी डाग, मग दुधावर धरते तशी साय. वाळूवर, दगडांवर, काचेवर. आत बुडबुडे अडकलेले. मी हाताने ओढली की बुळबुळीत चादरीसारखी निघायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. वास तर असा की उदबत्तीही हरायची. एक निळा मासा गेला, मागोमाग दुसरा. बायका म्हणाल्या, दृष्ट लागली घराला.

तेराव्याला भाऊजींचा कारखान्यातला मित्र आला. त्यालाही माशांचा नाद. टाकी बघितली आणि तिथेच खाली बसला.

"मन्नी," तिकडे वहिनीला असंच म्हणतात, "हे साधं शेवाळ नाही. शेवाळासारखे दिसणारे जंतू आहेत. नव्या टाकीत येतातच, पण इतके? दिवा कधी बंद करता?"

"करत नाही."

"आणि खाणं?"

मी दाराकडे पाहिलं. एक गृहस्थ नुकतेच चिमूट टाकून चपला घालत होते. मित्र काय ते समजला. "खाणं बंद. दिवा बंद. टाकी पूर्ण झाकून तीन दिवस अंधार. पंप तेवढा चालू ठेवा. मासा उपाशी राहील, पण तगेल. नाहीतर आज-उद्यात जाईल."

मी सासूबाईंजवळ बसून सगळं सांगितलं.

"तीन दिवस? मरेल गे ते!"

"आई, खाऊनच मरतोय तो."

"बरं. मग मीही राहते तशीच."

मिस्टर मला आत नेऊन म्हणाले, "तू आईचं बघ. मासा मेला तर मेला."

"दोघांचं एकच झालंय, तुम्हाला दिसत नाही का?" मी म्हटलं. "तो गेला तर ह्या कोणासाठी जेवणार?"

डबा मी धान्याच्या पिंपात लपवला. भाऊजींच्या पलंगावरची चादर टाकीवर घातली आणि बटण बंद केलं. पिठावरचा दिवा दहाव्यालाच शांत झाला होता. आता ही ट्यूबही गेली. खोली एवढी काळोखी आहे हे मी विसरलेच होते.

सासूबाई बोलल्याप्रमाणे वागल्या. नुसतं पाणी. सकाळी न्हाणीच्या दारात भोवळ येऊन बसल्या. मी ताक पुढे केलं तर म्हणाल्या, "त्याला दिलंस?" मी जाता-येता चादरीला कान लावायची, पंपाची घरघर ऐकायची आणि मनात म्हणायची, तग रे बाबा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या आपणहून स्वयंपाकघरात आल्या. "भात आहे का गे?"

मला काय करू नि काय नको असं झालं. पाट मांडला, भात वाढला. त्या मान खाली घालून ताटभर जेवल्या. जिंकले, असं वाटलं मला. खरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी चादर काढली. काच लख्ख. साय मरून तिच्या राखाडी चिंध्या तळाशी पडल्या होत्या आणि पाणी नसल्यासारखं निवळ. मी वाकून दगडामागे पाहिलं, पंपामागे पाहिलं.

"शोधू नको," मागून सासूबाई म्हणाल्या. "काल दुपारीच गेला. मी चादर उचलून बघितलं. परसात शेवग्याखाली पुरला."

"तुम्ही? हातांनी?"

"मग कशाने? पोरालाही शेवटी हातच लावला ना."

"आई, मला का नाही सांगितलंत?"

"तू सारखी कान लावत होतीस त्या चादरीला. म्हटलं, राहू दे तिला एक दिवस आशेवर." मग म्हणाल्या, "आणि मी कोणासाठी थांबायचं आता? जेवले."

त्याच दुपारी एग्मोरहून त्यांची एक लांबची नणंद, आधी एकदा येऊन गेलेली, पुन्हा भेटायला आली. खूप वेळ बसली, रडली. जायची वेळ झाली, तशी रीतीप्रमाणे गप्प उठली आणि टाकीपुढे थांबली.

"किती स्वच्छ ठेवलीय गे टाकी!" माझ्याकडे बघून म्हणाली. "मासे मागे लपलेत वाटतं?"

सासूबाईच म्हणाल्या, "हो, स्वच्छ आहे आता."

तिने हात उचलला आणि काचेवर डबा असायचा त्या जागी चाचपू लागली. तिथे काही नव्हतं. तिची रिकामी चिमूट तशीच थोडा वेळ पाण्यावर राहिली, मग तिने हात पदराला पुसला आणि चपला शोधायला लागली.