ठाण्यात जमा झालेली दारं

त्या घटनेचा विषय निघाला की आमच्या घरात आजही सगळे हसतात. मी हसत नाही, कारण तपास अधिकारी मी होतो.

रेवदंड्याच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी म्हणून मी नुकताच हजर झालो होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत होता, आणि एक बाई डोक्यावरची पाटी पायरीवर ठेवून आत आल्या. पन्नाशीच्या, विधवा, सुकी मासळी विकणाऱ्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"साहेब, माजी दारं गेली."

"कुठे गेली?"

"ते मला ठावं असतं तर तुमच्याकडं कशाला आली असती?"

ठाणे अंमलदाराने मान खाली घातली. तो हसतोय हे मला त्याच्या खांद्यांवरून कळलं.

हकिकत अशी. बाईंनी जुनं झोपडं पाडून तिथेच तीन खोल्यांचं पक्कं घर बांधायला घेतलं होतं. काम जवळजवळ संपलेलं. त्या शेजारणीकडे झोपायच्या. सकाळी जाऊन पाहतात तर पुढचं दार, मागचं दार आणि खिडक्यांचे पल्ले गायब. चौकटी जागच्या जागी.

"संशय कोणावर?" मी विचारलं. सहसा फिर्यादी याच प्रश्नाची वाट बघत असतो. जावेपासून सरपंचापर्यंत नावं जिभेवर तयार असतात.

"कुनावर न्हाय," बाई चटकन म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या नकाशाकडे बघू लागल्या. मी तसंच लिहून घेतलं.

"पन दारं लवकर गावतील ना? लेक येतेय बाळंतपणाला. पहिलटकरीण हाय. उरणची विहीणबाई आधीपासनं निरोप धाडते, घर पुरं नसंल तर सून पाठवायची न्हाय, आम्हीच करू सगळं." बाईंचा आवाज थोडा बसला. "बाप न्हाय तिला. पहिलं बाळंतपण तरी आईच्या घरात व्हावं, म्हणून तर घर बांधलं."

विहीणबाई आठवड्याने लेकीला घेऊन येणार होत्या. म्हणजे मुदत ठरलेली होती.

मी जागेवर गेलो. बिजागऱ्यांचे स्क्रू हळुवार काढलेले, चौकटीला ओरखडा नाही. शहाण्या माणसाला एवढ्यावरून कळलं असतं. मला वाटलं, सराईत टोळी! अलिबागकडे मुंबईकरांचे बंगले बंद असतात, तिथे अधूनमधून चोऱ्या व्हायच्या. मी त्या सगळ्या चोऱ्यांची याच्याशी मोट बांधली आणि एका स्थानिक वार्ताहराला 'महत्त्वाचे धागेदोरे हाती' असं सांगूनही टाकलं. धागा सोडा, एक स्क्रूसुद्धा हाती नव्हता.

श्वानपथक मागवलं. कुत्रा उंबरठा हुंगून ताडकन निघाला. आम्ही मागे, आमच्यामागे अर्धा पाडा. बोंबील वाळत घातलेल्या मांडवाखाली जाऊन तो बसला आणि वर बघत शेपटी हलवू लागला. गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "साहेब, त्याला दोन द्या, म्हणजे सांगंल." मी पंचनाम्यात 'श्वान घुटमळला' असं लिहिलं.

खबर आली ती टपरीवरून. आमच्या हवालदाराला एका रिक्षावाल्याने सांगितलं की, एक टेम्पो दारं घेऊन आतल्या गावाकडे जाताना दिसला. मागे बसलेला माणूस दारांवर ओरखडे पडू नयेत म्हणून मधे गोणपाट सारत होता. तो माणूस म्हणजे बाईंच्या घराचाच कंत्राटदार.

आम्ही दोन गाड्या घेऊन गेलो. भातखाचरांच्या कडेला त्याची पत्र्याची शेड. आत दारं ओळीने उभी, आणि हा माणूस उकिडवा बसून पुढच्या दाराला पॉलिश करत होता.

हवालदार माझ्या कानाशी आला. "साहेब, चोरलेल्या दाराला कोणी पॉलिश करतं का?"

"पुरावा नष्ट करतोय," मी म्हणालो.

दारं पंचांसमक्ष जप्त केली, लाखेची सीलं मारली आणि त्याला गाडीत घातलं. ठाण्यात चौकशीसाठी मी खास तयारी केली होती. आधी पाच मिनिटं नुसतं बघत बसायचं, मग टेबलावर हात आपटायचा वगैरे. मी बघायला सुरुवात केली आणि तो बोलायलाच लागला.

"साहेब, मीच लावली, मीच काढली."

"साथीदार कोण?"

"टेम्पोवाला. त्याचंही भाडं द्यायचं राहिलंय."

टेबलावर हात आपटायचं राहूनच गेलं. त्याचं म्हणणं ऐकलं. शेवटचा हप्ता बाईंनी अडवला होता. बाथरूमचा उतार चुकला होता, पाणी मोरीकडे जायचं सोडून स्वयंपाकघरात यायचं. उतार चुकला हे तो नाकारत नव्हता. पण लादी उखडायची तर मजूर हवेत, आणि मजूर आधीच्या मजुरीसाठी सकाळपासून त्याच्या ओट्यावर बसून असायचे. "बाई म्हणतात, आधी उतार, मग पैसे. मी म्हणतो, आधी पैसे, मग उतार. महिना गेला. माझ्या दारातली माणसं उठेनात, म्हणून मी त्यांचं दार काढलं. डोकं फिरलं, साहेब."

"आणि पॉलिश?"

"ते राहिलं होतं ना. कामातच होतं."

मुद्देमाल ओळखायला बाईंना बोलावलं. त्यांनी दारांकडे बघितलंही नाही. बाकावर बसलेल्या कंत्राटदाराला पाहिलं आणि माझ्यावरच उखडल्या.

"याला कशाला धरला?"

"बाई, यानेच दारं नेली."

"ते मला म्हायती हाय! दारं आना म्हटलं होतं, याला आना कुठं म्हटलं? बाथरूम कोन करंल आता, तुम्ही?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग नाव का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही धरला असता ना!"

हवालदार पाणी प्यायला बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

मग बाई कंत्राटदाराकडे वळल्या. "तुला लाज न्हाय वाटली? लेक येनार ठावं होतं ना तुला?"

"ताई, चुकलं," तो म्हणाला. "पण मजुरांना काय सांगू?"

"मला सांगायचं होतं, की मजूर बसलेत. तू फकस्त पैशे, पैशे केलंस."

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत लेक कधी येणार ते?"

महिनाभर दोघं एकमेकांशी बोलत होते, आणि हे एवढं सोडून बाकी सगळं बोलले होते.

समेट झाला तो माझ्या खुर्चीसमोर, मी काही न करता. पण दारं? ती आता कोणाचीच नव्हती. गुन्हा दाखल, पंचनामा झालेला, दारं मुद्देमाल. कोर्टाच्या हुकुमाशिवाय ती ठाण्याच्या आवारातून हलणार नव्हती. घराची दारं चोराने नेली तेव्हा निदान मिळण्याची आशा होती. आता ती मी नेली होती.

बाई आवारात आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आपल्या पुढच्या दाराला हात लावायला गेल्या. ड्यूटीवरच्या शिपायाने अडवलं. "मावशी, हात नका लावू, सील आहे." त्या मागे सरल्या. त्या दिवसभरात मला तेवढीच गोष्ट लागली.

दुसऱ्या दिवशी अलिबागला आरोपीला हजर केलं. जामीनदार कोण म्हणून विचारणा झाली तर बाई घरपट्टीची पावती घेऊन पुढे आल्या. सरकारी वकिलांनी हलक्या आवाजात विचारलं, "या कोण?" मी म्हणालो, "फिर्यादी." त्यांनी चष्मा काढून पुसला. शेवटी जामीन दुसऱ्याच कोणीतरी दिला.

मग दारं परत मिळावीत म्हणून बाईंचा अर्ज. न्यायाधीशांनी रास्त प्रश्न विचारला: शेवटचे पैसे दिलेले नाहीत, तर ही दारं नक्की कोणाची? कंत्राटदाराने मनात आणलं असतं तर तिथेच 'माझी' म्हणून मोकळा झाला असता आणि दारं महिनोन् महिने पडून राहिली असती.

तो म्हणाला, "बाईंची, साहेब. त्यांच्या चौकटीच्या मापाची आहेत. दुसऱ्या कोणाला बसणार नाहीत."

पोलिसांचा अहवाल मागवला गेला. असे अहवाल आमच्याकडे किती दिवसांत जातात, हे न सांगितलेलं बरं. हा मी त्याच संध्याकाळी लिहिला आणि सकाळी स्वतः नेऊन दिला.

मधल्या दिवसांत पैशांवर तोड निघाली ती बाजारातल्या हार्डवेअरवाल्या चाचांच्या दुकानात. दोघांचाही त्यांच्यावर विश्वास. बाईंनी शेवटचा हप्ता चाचांकडे ठेवला. त्यातली मजुरी चाचांनी लगेच मजुरांच्या हातात दिली, बाकीचे पैसे काम झाल्यावर. राहिलेली कामं दोघांनी चाचांसमोर बोलून घेतली. "अल्लाह के वास्ते, आता दोघंही मला मधे ठेवून भांडा," चाचा म्हणाले, "एकमेकांशी नको." लादी उखडली गेली, उतार नव्याने काढला आणि बादलीभर पाणी ओतून बाईंनी स्वतः पाहिलं.

हुकूम आला तो नेमका विहीणबाई यायच्या दिवशी, दुपारी. ठाण्याच्या गाडीत दारं घालून आम्ही निघालो. पुढचं दार सागवानी, जड. एक मजूर कमी पडत होता, तर गणवेशासकट मी धरलं. कंत्राटदार खालून ओरडत होता, "साहेब, वर! अजून वर! आता सोडू नका हां!" आयुष्यात मला इतक्या मोकळेपणाने हुकूम कोणत्याही आरोपीने दिला नाही.

तेवढ्यात रिक्षा थांबली. आधी विहीणबाई उतरल्या, मग पोट सांभाळत लेक. विहीणबाईंनी गाडी पाहिली, माझ्या खांद्यावरचे तारे पाहिले, दार पाहिलं.

"पोलीस कशाला आलेत?"

बाईंनी पदर सारखा केला.

"दार बसवायला," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं साहेब येतात. तुमच्याकडं न्हाय येत?"

विहीणबाई रिक्षातल्या पिशव्या काढायला वळल्या. लेक मात्र आईकडे बघून हसली आणि आम्ही अर्धवट उचलून धरलेल्या दाराखालून वाकून आत गेली. महिन्याभराने तिथेच तिला मुलगी झाली. गुन्ह्यात पुढे कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच की, संशयिताचं नाव न सांगणारा फिर्यादी दरवेळी घाबरलेला किंवा खोटारडा नसतो. पुष्कळदा त्याला त्या माणसाबरोबर पुढेही दिवस काढायचे असतात. त्यानंतर फिर्याद लिहिण्याआधी मी एक प्रश्न जादा विचारू लागलो: तुम्हाला नेमकं काय परत हवंय? याच्या उत्तरात कितीतरी गुन्हे दाखल न होताच मिटले.

नोकरीत मी पुष्कळ दारं लाथेने उघडली. बसवलं ते एकच. आणि खरं सांगायचं तर, ते खाली थोडं घासतं.