जीपच्या कोपऱ्यातला हिरवा दिवा

आमच्याकडे बाई नवऱ्याच्या मागून चालायची. बाजार असो, लग्न असो, देऊळ असो, नवरा पुढे आणि बायको चार पावलं मागे. आमच्या बगीच्यात मात्र उलटा कारभार होता. तिथे आई पुढे आणि बाबा तिच्या मागे. आई एकेका झाडापाशी थांबायची, फांदी वाकवायची, एखादं संत्रं तोडून बाबांच्या हातात द्यायची आणि मग दोघं पुढच्या ओळीकडे वळायचे. लोकांना ते दिसायचंच. रामाकोन्याच्या रस्त्याने जाणारा कोणीही कुंपणावरून ओरडायचा, "काय गा, आजबी मागंच काय?" माझ्या सख्ख्या काकांनी तर भर पंगतीत बाबांना बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हटलं होतं. एरवी बाबांच्या नाकावर राग. भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घ्यायचे. पण या एका बाबतीत कोणी काहीही बोललं तरी ते हसून सोडून देत. मला त्या हसण्याची भयंकर चीड यायची. एवढा धिप्पाड, कोणाला न जुमानणारा माणूस इथेच का शेपूट घालतो, ते मला कळत नसे.

ते कळलं जीपच्या दिव्यांमुळे.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. मी पांढुर्ण्याला मावशीकडे राहून कॉलेज करत होते आणि सुट्ट्यांना सौसरला घरी यायचे. आमच्याकडे एक जुनी जीप होती, बाबांनी लिलावात घेतलेली. फवारणीचा पंप, कापसाची गाठोडी, संत्र्याची खोकी, वऱ्हाडी मंडळी, सगळं तिच्यातूनच जायचं. बाबांचा तिच्यावर बैलजोडीइतका जीव. पोळ्याला बैलांच्या कपाळाला गुलाल लागला की उरलेला जीपच्या बॉनेटला लागायचा.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर कोणाची तरी बैलबंडी मागे घेताना तिचा मागचा दांडा जीपच्या पुढच्या मडगार्डावर बसला आणि कोपऱ्यातला दिवा फुटला. हे दोन कोपऱ्यांतले छोटे गोल दिवे, वळताना उघडझाप करणारे. दुसऱ्याला आधीच तडा गेला होता आणि तो चिकटपट्टीवर दिवस काढत होता. एरवी बाबांनी वर्षभर तशीच चालवली असती, पण रविवारी व्यापारी येणार होता.

आमच्याकडे संत्री झाडावरच विकली जात. व्यापारी येऊन बगीचा फिरायचा, माल बघायचा आणि सगळा बगीचा एकठोक घ्यायचा. त्या फेरीत सगळा खेळ रंगाचा. व्यापारी म्हणणार, माल अजून हिरवा आहे. मालक म्हणणार, रंग फिरला आहे. कोण किती ठामपणे बोलतो त्यावर घराचं वर्ष ठरायचं. बाबांचं म्हणणं असं, की व्यापारी बगीच्याआधी अंगण पाहतो. "फुटक्या दिव्याची जीप दारात दिसली का तो समजते, मालकाले गरज हाय. मंग दाबते." तेव्हा रविवारच्या आत दोन्ही दिवे नवे पाहिजेत, हे ठरलं.

शनिवारी मला घ्यायला बाबा पांढुर्ण्याला आले आणि परतताना बसस्टँडजवळच्या सामानाच्या दुकानापाशी थांबले. मी जीपमध्येच भाजलेल्या शेंगा खात बसले होते. कंपनीचे दिवे मिळत नव्हते. दुकानदाराने बाहेरच्या बनावटीचे दाखवले, काळ्या प्लास्टिकचे. त्यांच्या काचा वेगळ्या एका खोक्यात पडलेल्या. ट्रकवाले हौशी, त्यांना नारंगी, लाल, हिरव्या, निळ्या, सगळ्या लागायच्या. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतलेला. आतून त्याचा आवाज ऐकू आला, "तुमीच निवडून घ्या ना जी." बाबा कागदाची पुडी घेऊन बाहेर आले, एकदम खुशीत. वाटेत एका बंडीवाल्यालाही त्यांनी शिवी दिली नाही.

रविवारी सकाळी अंगणात कारखाना उघडला. जुने स्क्रू गंजून बसले होते, त्यांना रात्रीच घासलेट पाजून ठेवलं होतं. पेचकस, पक्कड, कानस, सगळं पोत्यावर मांडलेलं. दिवे सोडवण्याआधी बाबांनी आईच्या शिवणाच्या डब्यातून दोरा मागवला आणि प्रत्येक तारेला गाठी मारल्या. एका तारेला एक गाठ, दुसरीला दोन.

मी म्हटलं, "बाबा, तारांना रंग आहेत ना. गाठी कायले?"

"रंगाचा भरोसा नाई," ते म्हणाले. "गाठ बोटाले कळते."

मला ते फार हुशारीचं वाटलं. बाबा प्रत्येक गोष्टीत असे स्वतःचे शोध लावायचे.

नव्या दिव्यांची भोकं अर्थातच जीपच्या भोकांशी जुळत नव्हती. दुकानदार म्हणाला होता बसतील, आणि ते बसत नव्हते. बाबांनी दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत कानशीने भोकं लांबवली. पाणी आत जाऊ नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबमधून मी गोल तुकडे कापून दिले, ते खाली बसवले. तार जिथे पत्र्याला टेकते तिथला रंग खरवडून काढला, कारण त्याशिवाय दिवा लागत नाही. मला त्या कामाची मजा येत होती. बाबा माझ्याशी असे मन लावून कधी बोलत नसत, आणि त्या सकाळी ते मला सगळं समजावून सांगत होते. मग आईने मेथी निवडायला हाक मारली आणि काचा बसवायचं काम तेवढं राहिलं.

परत आले तेव्हा बाबा आंघोळीला गेले होते. न्हाणीतून त्यांचं गुणगुणणं येत होतं. जीप अंगणात रस्त्याकडे तोंड करून उभी, पुसून लख्ख. तुळशीकडच्या दिव्याला नारंगी काच आणि विहिरीकडच्या दिव्याला हिरवीगार.

मला हसू फुटलं. वाटलं, बाबांनी घाईत न बघताच काच उचलली. मी न्हाणीकडे तोंड करून "बाबा" म्हणणार तोच मागून आईचा हात माझ्या तोंडावर आला. हाताला मेथीचा वास होता.

"चूप," ती म्हणाली. "एक शब्द बोलू नोको."

तिने मला विहिरीमागे ओढत नेलं.

"तुह्या बाबाले नाई समजत ते. हिरवा अन् नारंगी त्यायले एकच दिसते."

मला क्षणभर काही उमगलंच नाही. मग गाठी आठवल्या. बाजारात कुठलीही भाजी घेताना ते ती नाकाशी कशी नेत, ते आठवलं. पिकलेला टमाटर ते दाबूनच ओळखत. मी इतकी वर्षं त्या माणसाच्या घरात राहून काही म्हणजे काही पाहिलं नव्हतं.

"तुले कधी समजलं?" मी विचारलं.

"लग्न झालं त्या सालची गोष्ट. बगीच्यातून माह्यासाठी ओटीभर संत्री तोडून आनली. सारी कच्ची. मले वाटलं, मजाक करून राहिले. मंग तोंडाकडं पाह्यलं. लय खुश होते."

"मंग तू काय केलं?"

"काय करते? खाल्ली. गोड हायेत म्हटलं." ती जराशी हसली. "दुसऱ्या दिवसापासून मीच बगीच्यात पुढं चालाले लागली. पिकल्या झाडाचंच संत्रं त्यायच्या हाती देते."

"अन् बाबा काही बोलले नाहीत?"

"ना ते बोलले, ना मी. आजलोक नाई."

मला रडूच आलं. ताटाखालचं मांजर! ते ऐकून घेणं बाबांना सोपं वाटत होतं आणि हे सांगणं अवघड. आणि आईने त्यांचं ते अवघड काम त्यांना एकदाही करायला लावलं नव्हतं. आईने पदराने माझं नाक पुसलं आणि म्हणाली, "रडाचं मंग पाहू. व्यापारी येऊन राहिला. त्याले समजलं तं पिकल्या झाडाले तो कच्चं म्हनन, अन् तुहे बाबा काय बोलतीन? अन् तुहा काका बगीचा माह्या हाती द्या म्हनून उद्याच दारात उभा राहीन."

काच बदलायची तर दुसरी नव्हती. काढताना तडा गेलेल्या जुन्या काचेचेही तुकडे झाले होते. आई आत धावली आणि देवघरातून शेंदराची डबी घेऊन आली. तेलात शेंदूर कालवून हिरव्या काचेवर फासायचा, असा तिचा विचार. मी म्हटलं, अगं, मारुती दिसेल तो. ती म्हणाली, दिसू दे. तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल वाजली. व्यापारी वेळेआधीच आला होता.

हा माणूस वाईट नव्हता. दरवर्षी यायचा, आईच्या हातचं जेवायचा, मला पोरी म्हणायचा. पण धंद्याला पक्का. त्याची नजर उतरल्या उतरल्या अंगणभर फिरली, अगदी बाबा सांगायचे तशी. बाबाही न्हाणीतून आले, पांढरा सदरा घालून, केस चापून बसवून.

"या जी, या. हे पाहा, आताच बसवले. सोता बसवले." असं म्हणत त्यांनी जीपमध्ये हात घालून बटण दाबलं. आधी एक बाजू, मग दुसरी. दोन्ही दिवे छान लागले. मेहनत फुकट गेली नव्हती.

व्यापाऱ्याने पाहिलं आणि भुवया उंचावल्या. "काम तं मस्त केलं भाऊ. पन एक हिरवा अन् एक नारंगी, असं कायले?"

बाबांचा हात बटणावरच राहिला. त्यांनी एका दिव्याकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, मग परत पहिल्याकडे. कोणता हिरवा, ते त्यांना कळत नव्हतं. त्यांनी आईकडे पाहिलं. आई शेंदराची डबी पदराखाली धरून उभी होती आणि तिला काही सुचत नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. बाबांना इतकं एकटं मी कधी पाहिलं नव्हतं. 

"मीच सांगितलं होतं काका," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच लागला. "संत्र्यावाल्याची जीप हाय ना आमची. म्हटलं, तुळशीकडचा पिकला लावा अन् विहिरीकडचा कच्चा."

व्यापारी खो खो हसला. "पोरीचं डोकं चालते गा!"

बाबा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले. मग चार पावलं चालून विहिरीकडच्या मडगार्डापाशी गेले आणि त्या दिव्यावर थाप मारली.

"याले अजून महिनाभर लागन," ते म्हणाले. "मंग तोडू याले."

आता मात्र आईसुद्धा हसली. डबी तिने हळूच तुळशीमागे सरकवली. तो हिरवा दिवा आम्ही पुढे कधीच बदलला नाही. जीप होती तोवर तो तसाच राहिला, आणि आमची जीप पांढुर्ण्यापर्यंत त्याच खुणेवर ओळखली जायची. नवीन माणसाने विचारलं की बाबा सांगायचे, पोरीचा हट्ट.

चहा झाला. बगीच्यात जायला आई नेहमीसारखी पदर खोचून निघाली. बाबा जीपमध्ये बसता बसता थांबले. तिच्याकडे न बघताच म्हणाले, "तू राहू दे वं आज. सैपाक पाहाय. पोरगी येते."

आई जागच्या जागी उभी राहिली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून तिने मला जीपकडे ढकललं.

बगीच्याच्या फाटकाशी व्यापारी बिडी पेटवायला थांबला. बाबांनी कडी काढली आणि बाजूला झाले.

"चाल बाई," ते म्हणाले. "पुढं हो."

मी पुढे झाले. आई थांबायची तिथे थांबत, आई वाकवायची तशा फांद्या वाकवत. कुंपणापलीकडून कोणीतरी सायकलवरून ओरडलं, "काय गा, आज पोरीच्याबी मागं?" बाबा हसले. तेच हसणं. मी मागे वळून पाहिलं आणि मलाही हसू आलं.

तिसऱ्या ओळीत व्यापाऱ्याने सुरुवात केली. एका झाडाखाली उभा राहून त्याने मान हलवली. "याचा रंग कुठं फिरला जी? हे तं हिरवंच हाय."

झाड वरपर्यंत नारंगी झालं होतं. मी त्यातलं एक संत्रं तोडलं आणि बाबांच्या हातात दिलं. त्यांनी त्यावर मूठ मिटली. संत्र्याकडे पाहिलंही नाही. एकदा माझ्याकडे पाहिलं आणि व्यापाऱ्याकडे वळले.

"पिकलं हाय," बाबा म्हणाले. "डोये उघडून पाहा जी."