फलाट क्रमांक तेरा

आण्णा कुठलीही गोष्ट दोनदा सांगत. चहा हवा असला तरी दोनदा, नको असला तरी दोनदा. बत्तीस वर्षं कोल्हापूरच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारलेला माणूस तो. एकदा सांगितलेलं प्रवाशाच्या कानात शिरतच नाही, असा त्यांचा ठाम अनुभव होता. ‘जयसिंगपूरमार्गे नृसिंहवाडीला जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागलेली आहे’ हे वाक्य जन्मभर जोडीनंच बोलल्यामुळे निवृत्तीनंतरही जिभेची सवय गेली नाही. आमच्या उचगावात लहानथोर सगळे त्यांना फलाटवाले आण्णा म्हणत आणि त्यांना ते नाव मनापासून आवडायचं.

वडिलांच्या माघारी त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट मी चालवत होते. टाइपरायटरकडे कुणी फिरकेना झालं तेव्हा चार कॉम्प्युटर घेऊन मी तिचं नेट कॅफे केलं. आण्णा निवृत्त झाले आणि आठवड्याभरात माझ्या दारात उभे राहिले. म्हणाले, “मॅडम, मला लिवायचं हाय. लिवायचं हाय मला.” मला वाटलं पेन्शनचं काही अडलं असेल, म्हणून मी कोरा अर्ज पुढे सरकवला. “अर्ज न्हवं. गोष्टी. स्टँडवरच्या माणसांच्या.”

का लिहायचं ते त्यांनी त्या दिवशीच सांगून टाकलं. “बत्तीस वर्सं मी बोललो आणि माणसं पळाली. माजं वाक्य संपायच्या आत समोरचा बोचकं उचलून पळतोय, ह्योच माजा धंदा. आता वाटतंय, कुणीतरी बसून शेवटापतोर ऐकावं.” मी नुकतंच पेपरच्या पुरवणीत ब्लॉगबद्दल वाचलं होतं. तुमचं लिखाण फुकटात जगभर जातं, आणि वाचक वाढले की शेजारी जाहिराती लागून पैसेही मिळतात, असं त्यात होतं. मी दोन्ही गोष्टी मोठ्या ऐटीत सांगितल्या. त्यातली दुसरी सांगितली नसती तर बरं झालं असतं.

स्टँडवर फलाट बारा होते, म्हणून ब्लॉगचं नाव ठेवलं ‘फलाट क्रमांक तेरा’. आण्णा एका बोटानं टाइप करत आणि टाइप करताना प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हणत, तेही दोनदा. शेजारच्या कॉम्प्युटरवर बसलेला फाउंड्रीतला एक कामगार एकदा ‘गडहिंग्लजची गाडी’ ऐकून खरोखरच पिशवी घेऊन उठला होता. बाकीची गिऱ्हाइकं कुरकुरत. मी आण्णांना कोपऱ्यातला कॉम्प्युटर दिला आणि मध्ये पडदा लावला. आवाज पडद्याला दाद देणारा नव्हता.

घरी आण्णांच्या बायको, काकू होत्या. काकूंचा लिखाणाला विरोध नव्हता, रिकाम्या बसण्याला होता. निवृत्तीच्या पैशातून घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकायची, हे त्यांनी आण्णांच्या निवृत्तीआधी पाच वर्षं ठरवून ठेवलेलं. आण्णांना गिरणीच्या नावानंच पीठ नाकात गेल्यासारखं व्हायचं. त्यांनी ब्लॉगच्या कमाईची गोष्ट घरी सांगितली आणि काकूंनी ती घट्ट धरली. कोल्हापुरी बायकांच्या रिवाजाप्रमाणे पुरुषी थाटातच त्यांनी निकाल दिला, “एक वरीस देतो तुमास्नी. पाडव्यापास्नं पाडव्यापतोर. लिवण्याचा चेक आला तर जलमभर लिवा, मी तोंडातनं शब्द काढणार न्हाय. न्हाय आला तर गिरणी.”

आता वाचक वाढवणं आलं. मी नेटवरून ‘ब्लॉगला वाचक कसे मिळवावेत’ असे नियम शोधून आण्णांना छापून दिले. त्यांनी ते शिरसावंद्य मानले, फक्त आपल्या पद्धतीनं. नियमित लिहा, असा पहिला नियम होता. दुसऱ्याच दिवशी किराणा दुकानाच्या भिंतीवर वेळापत्रक लागलं: सोमवार, सकाळी सव्वानऊ, नवीन गोष्ट, गुरुवार, सकाळी सव्वानऊ, नवीन गोष्ट, सणासुदीला जादा गोष्टी. एका सोमवारी माझ्याकडची लाइट गेली आणि गोष्ट अकराला निघाली. आण्णांनी त्या गोष्टीच्या वर ‘गोष्ट पावणेदोन तास उशिरानं धावत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असं लिहिलं. वाचक तेव्हा सहा होते, त्यातली एक मी.

दुसऱ्यांच्या ब्लॉगवर जाऊन प्रतिक्रिया द्या, असा आणखी एक नियम होता. आण्णा जाऊन लिहीत: आपला लेख वाचला, आनंद झाला, कोल्हापुरास येणे झाल्यास आमच्याकडे जेवूनच जावे. खाली घरचा पत्ता, आणि कुठल्या फलाटावरून उचगावची गाडी मिळेल तेही. मी सांगून पाहिलं की असं कुणी येत नसतं. मे महिन्यात नागपूरचं एक कुटुंब चार पोरं घेऊन आलं. काकूंनी तांबडा-पांढरा रस्सा केला, आहेर म्हणून बाईला साडी नेसवली आणि ते गेल्यावर आण्णांना विचारलं, “ह्ये कोण पावणं म्हणायचं?” आण्णा म्हणाले, “वाचक हायत. वाचक.” काकू म्हणाल्या, “आसं वाचक वाढलं तर गिरणीचं पैसंबी जेवणावळीत जातील.”

पण वाचक वाढले. त्या नागपूरकरांनी जेवणाचं वर्णन आपल्या ब्लॉगवर लिहिलं, ते वाचून लोक आण्णांकडे वळले आणि गोष्टी वाचून टिकले. गोष्टी खरंच चांगल्या होत्या. चुकीच्या गाडीत बसून भलत्याच गावात सून पसंत करून आलेला बाप, दर शनिवारी कुठंही न जाणारी पण सगळ्या गाड्यांच्या वेळा विचारणारी बाई, टोपलीत कोंबडी घेऊन मुलीकडे निघालेली म्हातारी. मला हसू यायचं आणि हसता हसता मी तीच गोष्ट परत वाचायचे. परदेशातून एकानं लिहिलं, की तुमची गोष्ट वाचताना स्टँडवरचा वास आला. आण्णा म्हणाले, “त्येची क्षमा मागाया पाहिजे.”

मग जाहिराती लावल्या. जाहिरातवाल्या कंपनीला मराठी समजत नव्हतं, म्हणून प्रत्येक गोष्टीच्या डोक्यावर चार ओळी इंग्रजी लिहाव्या लागत. कंपनी त्या चार ओळींवरून जाहिराती निवडी. म्हातारीच्या गोष्टीशेजारी कोंबडी भाजायच्या परदेशी भट्टीची जाहिरात आली तेव्हा आण्णा फार दुखावले. “म्हातारीची कोंबडी शेवटापतोर जित्ती हाय की गोष्टीत,” असं ते मला दोनदा म्हणाले. वाचकानं जाहिरातीवर क्लिक केलं की थोडे पैसे जमत, आणि शंभर डॉलर झाले की चेक निघे. एक नियम कडक होता. आपण स्वतः किंवा आपल्या माणसांनी पैसे मिळावेत म्हणून क्लिक करायचं नाही; कळलं तर खातं बंद. आण्णा स्वतःच्या ब्लॉगवर माउससुद्धा जाहिरातीपासून वीतभर लांबून नेत.

फाल्गुन उजाडला तेव्हा ऐंशी डॉलरच्या पुढे आकडा गेला होता आणि तिथेच रेंगाळत होता. आण्णांची झोप गेली, सव्वानऊची गोष्ट साडेआठलाच यायला लागली. पाडवा आठ दिवसांवर आला आणि एका दुपारी, आण्णा शहरात गेलेले असताना, काकू माझ्या कॅफेत आल्या. मागे गल्लीतल्या पंधरा-वीस बायका, सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून. पाच-सहा जणींनी गजरेही माळले होते.

काकू माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, “पोरी, त्या रंगीत पाटीवर बोट दाबलं की ह्येंचं पैसं वाढत्यात म्हणं. शिकीव ह्या बायकास्नी.” मी म्हटलं, काकू, तसं चालत नाही. तर त्या म्हणाल्या, “चालत न्हाय कसं? आमच्या दारात कवा मांडव पडला न्हाय. ना बारसं, ना लगीन. तीस वर्सं मी गल्लीत सगळ्यांच्या घरी आहेर केला, फेडाया कुणाला सवडच मिळाली न्हाय. आता ह्येंचं कार्य हाय. बायका आहेर घेऊन आल्यात, त्यांना माघारी लावतीस?”

गिरणी हवी असलेली बाई गिरणी बुडवायला गल्ली घेऊन आली होती. मला त्यांना माघारी लावता आलं नाही. मला नियम माहीत होता. पंधरा-वीस क्लिकनी काय होणार, अशी मी मनाची समजूत घातली आणि एकेकीला खुर्चीत बसवून माउस धरायला शिकवला. प्रत्येकीनं आधी कॉम्प्युटरच्या पडद्याला नमस्कार केला, मग क्लिक केलं. एकदा करून कुणाचं समाधान होईना. सासूच्या नावचा, जावेच्या नावचा, बाहेरगावी असलेल्या नणंदेच्या नावचा असा प्रत्येकीनं आहेर केला. दोन तास चाललं ते. जाताना काकूंनी सगळ्यांना पेढा दिला आणि मला दोन.

तिसऱ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. खोटे क्लिक आढळल्यामुळे खातं कायमचं बंद, जमलेली रक्कम मिळणार नाही. आण्णांनी ते मला दोनदा वाचायला लावलं. मग मी सगळं सांगितलं, साड्या, गजरे, आहेर, माझी चूक, सगळं. मला वाटलं ते रागावतील, निदान माझ्यावर. त्यांनी विचारलं, “गजरं माळून आल्या हुत्या?” मी हो म्हटलं. “तिला कळाय नको. कळाय नको तिला.”

मी त्यांच्यासोबत घरापर्यंत गेले. काकू उंबऱ्यात गहू निवडत बसल्या होत्या. आण्णा चपला काढता काढता म्हणाले, “ती कंपनीच बंद पडली गं. आता कुणालाच चेक न्हाय.” काकूंनी एकदा वर बघितलं, मग सूप उचलून त्या आत गेल्या. पाडव्याला गुढीशेजारी गिरणीची पूजा झाली.

आण्णांनी गिरणी मात्र मन लावून चालवली. गहू जाड दळू की बारीक, हे प्रत्येक बाईला दोनदा विचारीत. गिरणीसमोर बाकडं होतं, त्यावर डबे घेऊन बायका ताटकळत बसायच्या, आणि दळण होईपर्यंत त्यांना हलता येत नसे. तिथं आण्णांना त्यांचे श्रोते मिळाले. पट्ट्याच्या खडखडाटावर चढेल असा आवाज त्यांच्याकडे होताच. ते पीठभरल्या मिशांनी सोमवारी येणारी गोष्ट रविवारीच सांगायचे. एक बाई दळण झाल्यावरही बसून राहिली तेव्हा ते दुसऱ्या दिवशी खास मला सांगायला आले. गुरुवारची गोष्ट बंद झाली, पण सोमवारी गिरणीला सुट्टी, त्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे येऊन गोष्ट टाइप करत. जाहिराती नव्हत्या, त्यामुळे डोक्यावरच्या इंग्रजी ओळीही गेल्या. वाचक मात्र पूर्वीपेक्षा वाढले.

असं सव्वा-दीड वर्ष चाललं. एका श्रावणात छातीत दुखायला लागून आण्णा दोन दिवसांत गेले. वेळापत्रकातली पुढची गोष्ट निघाली नाही. ब्लॉगवर लोक विचारत राहिले, आज उशीर का. शेवटी मीच दोन ओळी लिहिल्या. सवयीनं त्या दोनदा लिहिल्या गेल्या आणि मी त्या तशाच ठेवल्या.

दिवसकार्य झाल्यावरच्या पहिल्या सोमवारी सव्वानऊला काकू कॅफेत आल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. “वाच,” म्हणाल्या. आण्णा असताना त्यांनी एक ओळ वाचली नव्हती. मग दर सोमवारी येऊ लागल्या. मी पहिल्या गोष्टीपासून एकेक वाचत गेले, त्या शेवटापर्यंत ऐकत. मध्ये बोलत नसत, फक्त एखादं वाक्य आवडलं की बोट वर करत, म्हणजे ते परत वाचायचं.

कोंबडीवाल्या म्हातारीची गोष्ट आली त्या सोमवारी त्यांनी पडद्याच्या रिकाम्या उजव्या बाजूवर बोट ठेवलं. “हितं रंगीत पाट्या हुत्या न्हवं?”

“कंपनी बंद पडली ना काकू ती,” मी म्हटलं.

“व्हय. त्येंनीबी तसंच सांगितलं.” काकूंनी पदरानं चष्मा पुसला. “जलमभर सगळं दोनदा सांगितलं त्येंनी. ह्ये तेवढं एकदाच सांगितलं. तवाच मला कळालं, ह्ये आपल्यामुळंच झालं.”

काकूंनी चष्मा लावला, खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली आणि म्हणाल्या, “वाच पुढं. म्हातारी गाडीत बसली का?”